खापर कॉम्प्युटरवर फोडू नका

नवा सुपरहिरो चित्रपट आला की दोन दिवसांत तीच ओरड सुरू होते, "सीजीआय किती वाईट आहे!" सीजीआय म्हणजे कॉम्प्युटरवर घडवलेली चित्रं. शॉट वाईट असतो हे अनेकदा खरंही असतं. पण त्याचं खापर कॉम्प्युटरवर फोडलं जातं, हे मला अजिबात पटत नाही. शॉट बिघडतो तो बहुतेक वेळा निर्णय उशिरा झाल्यामुळे. कॅमेरा चालू होताना ऊन कुठून येतंय, मागे डोंगर आहे की शहर, हिरोच्या अंगावर कपडे कुठले, हे ठरलेलंच नसेल तर पुढे कितीही पैसा ओता, डोळ्याला खटकतंच.

'एव्हेंजर्स: एंडगेम'मधले (२०१९) टाइम ट्रॅव्हलचे पांढरे सूट आठवा. ते सूट कुणी शिवलेच नव्हते. शूटिंगच्या वेळी डिझाइन पक्कं झालं नव्हतं, म्हणून सगळ्यांच्या अंगावर नंतर कॉम्प्युटरमध्ये चढवले. म्हणजे नेमकं काय केलं? पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. पाच सेकंदांच्या शॉटमध्ये १२० फ्रेम. त्यात सहा माणसं उभी असतील तर ७२० वेळा कुणाचा तरी खांदा, कोपर, कंबर नेमकी कुठे आहे ते जुळवायचं. याला मॅचमूव्ह म्हणतात. तेवढं झालं की खरी डोकेदुखी सुरू होते ती गळ्यापाशी. खऱ्या कॉलरची सावली मानेवर पडते, पांढऱ्या कापडावरून उडालेला उजेड हनुवटीखाली येतो, माणूस गिळतो तेव्हा कातडी कापडाला घासून सरकते. शूट केलेल्या चित्रात यातलं काहीच नसतं, सगळं नंतर घालावं लागतं. 'एंडगेम'मध्ये हे इतकं चांगलं जमलं की बहुतेकांना पत्ताही लागला नाही. हेच काम घाईत उरकलं की डोकं धडावर नुसतं ठेवल्यासारखं दिसतं. पुढच्या वेळी शंका आली तर चेहरा सोडा, गळा बघा. आणि पाय. पाय जमिनीला टेकतात तिथली सावली फिकी असेल तर माणूस तरंगतो.

हिरव्या पडद्याचंही असंच आहे. माणसामागे हिरवा पडदा लावून शूट करतात, मग तो रंग कापून तिथे दुसरं दृश्य बसवतात. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे हिरवा रंग स्वच्छ कापता येतो. पण पडदा नुसता मागे उभा राहत नाही, तो उजेडही फेकतो. गालाच्या कडेला, केसांच्या टोकांना, चिलखताच्या वळणांवर हिरवी झाक येते. ती काढायला गेलं की कातडीचा रंग मेल्यासारखा होतो आणि बारीक केस गळून पडतात. २०२१ च्या 'ड्यून'मध्ये व्हीएफएक्स (दृश्य परिणाम) सुपरवायझर पॉल लॅम्बर्ट यांनी पडदेच वाळूच्या रंगाचे लावले. वाळवंटात माणसावर जो उजेड खालून-बाजूने यायला हवा, तोच पडद्यावरून आला. वर, वाळूचा तपकिरी रंग उलटा केला की निळसर होतो, म्हणजे कापायलाही थोडा आधार मिळतो. तरी हिरव्याइतकं सोपं नव्हतंच, हाताने करायचं काम वाढतं. पण चित्रपट वाळूत घडणार, वाळू या रंगाची असणार, उजेड असा असणार, हे आधीच ठरलं होतं. म्हणून ती पैज जिंकता आली आणि त्या वर्षीचं व्हीएफएक्सचं ऑस्करही.

मग आली एलईडी भिंत. 'द मँडलोरियन' मालिकेसाठी (२०१९) २० फूट उंच, ७५ फूट व्यासाची, २७० अंशांत वळलेली भिंत उभारली आणि तिच्यावर गेम इंजिनमधलं (व्हिडिओ गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) दृश्य कॅमेऱ्याच्या हालचालीप्रमाणे सरकवलं. चकचकीत हेल्मेटमध्ये आकाशाचं प्रतिबिंब आपोआप आलं. हिरव्या पडद्यासमोर त्याच हेल्मेटने जीव काढला असता. ही फार सुंदर युक्ती आहे, पण तिच्या मर्यादा ओळखून वापरली तरच. भिंतीचा उजेड मऊ असतो, भर दुपारचं कडक ऊन तिच्यातून येत नाही. त्यामुळे वाळवंटातही मळभ आल्यासारखं वाटतं. फोकस चुकून भिंतीवर गेला तर नक्षीदार लाटा उमटतात. कॅमेरा झटकन फिरवला तर मागचं दृश्य किंचित उशिरा पोचतं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे माणसं त्या गोलातच वावरतात. ग्रह कुठलाही असो, पात्रं एका दिवाणखान्याएवढ्या जागेत गोळा होऊन बोलत बसतात. हल्लीच्या अनेक मालिकांमध्ये हा कोंडलेपणा जाणवतो.

वजनाचा हिशेब मात्र जुन्या मॉडेलवाल्यांकडून शिकावा. छोटं मॉडेल मोठं दिसायला हवं तर कॅमेरा जास्त वेगाने चालवतात, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ आणि जड दिसते, आणि किती वेगाने याचं गणित आहे: मॉडेल जितक्या पट लहान, त्याचं वर्गमूळ घ्या आणि २४ ने गुणा. चौथ्या हिश्श्याचं मॉडेल असेल तर सेकंदाला ४८ फ्रेम, सोळाव्या हिश्श्याचं असेल तर ९६. कोसळणारी इमारत यात छान जमते. पाणी आणि आग फसवतात, कारण थेंब आणि ज्वाळा मॉडेलच्या प्रमाणात लहान होत नाहीत. जुन्या चित्रपटांतली बुडणारी जहाजं टबातली वाटतात ती त्या टपोऱ्या थेंबांमुळे. हाच नियम कॉम्प्युटरमध्येही चुकत नाही. ५० मीटर उंचीवरून वस्तू खाली यायला साधारण ३.२ सेकंद लागतात. तेवढा उंच राक्षस एका सेकंदात आडवा झाला की मेंदू लगेच म्हणतो, हा फुगा आहे. शॉट लांबतोय म्हणून एडिटमध्ये वेग वाढवतात आणि राक्षसाचं सगळं वजन तिथेच जातं.

पैसा कमी असला की हमखास वाईट दिसतं, असंही नाही. 'बॅबिलॉन ५' ही अवकाशातली टीव्ही मालिका बघा. १९९३ च्या पायलटचे (मालिकेआधीच्या नमुना भागाचे) इफेक्ट अमिगा या घरगुती कॉम्प्युटरवर, लाइटवेव्ह या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये झाले आणि त्यांना टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं. आज ती चित्रं ओबडधोबड दिसतात, कबूल. पण स्टारफ्युरी हे लढाऊ यान बघा. चार कोपऱ्यांत इंजिनं, पुढे जात असतानाच नाक गर्रकन मागे वळवून गोळ्या झाडतं आणि तरी सरळ पुढेच जात राहतं. अवकाशात हवा नाही, म्हणून विमानासारखं झुकून वळायची गरजच नाही. हे कुणीतरी आधी बसून विचारपूर्वक ठरवलं होतं. गोष्टही पाच वर्षांची ठरलेली. ११० भागांपैकी ९२ भाग मालिकेचे जनक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी एकट्याने लिहिले. म्हणून ते यान आजही खरं वाटतं.

आता पैशाचं. व्हीएफएक्सचं काम सहसा ठरलेल्या रकमेवर दिलं जातं. इतके शॉट, इतके डॉलर. शूटिंगच्या दिवशी क्रोमचा आणि करड्या रंगाचा गोळा कॅमेऱ्यासमोर धरून उजेडाची नोंद घ्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. घाईत तीही टाळली की पुढे कुणीतरी आठवडाभर अंदाजाने दिवे लावत बसतो. प्रदर्शनाला दोन महिने उरले असताना शेवटची लढाई बदलली, एक शॉट दहा फ्रेमने लांबला, तर त्या दहा फ्रेमचा रोटो (बाह्यरेषा कोरणं), मॅचमूव्ह, लायटिंग, रेंडर (कॉम्प्युटरकडून चित्र काढून घेणं), कॉम्प (सगळे तुकडे एका चित्रात जुळवणं) सगळं परत. जादा मेहनताना मिळेलच याची खात्री नाही. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. दोनच आठवड्यांनी त्याच वाघाला ऑस्कर मिळालं. व्यासपीठावर कंपनीच्या अडचणींचा विषय निघताच संगीत वाजवून बोलणं तोडलं गेलं. त्या कंपनीची ऑफिसं मुंबई आणि हैदराबादलाही होती.

रोटो म्हणजे माणसाची बाह्यरेषा फ्रेमगणिक हाताने कोरणं, बोटं आणि उडणाऱ्या बटांसकट. हॉलिवूडचं हे काम मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे येतं. लढाईचा शॉट बदलला की तिथल्या टेबलावरची सगळी रेषा पुसली जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने युनियनच्या बाजूने मत दिलं. मला मनापासून आनंद झाला. पण ते मतदान स्टुडिओच्या थेट नोकरीतल्या लोकांपुरतं होतं. कंत्राटावर काम घेणाऱ्या कंपन्यांतले, म्हणजे मुंबईत बसून तीच बट तिसऱ्यांदा कोरणारे, त्यात नव्हते.