गिटारच्या ट्यूब अँपच्या आवाजाबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

आमच्या जॅमरूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, रविवारी घालवलेल्या तीन तासांबद्दल तुम्ही दोन तारे दिलेत. क्लीन, म्हणजे स्वच्छ आवाजात, वाजवताना आवाज फाटत होता, मेटलला नुसता चिखल झाला, आणि काउंटरवर विचारलं तर "नॉब फिरवून बघा" एवढंच ऐकायला मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. ते उत्तर सर्वस्वी आमची चूक. ताशी पैसे घेणाऱ्या जॅमरूमला ते शोभत नाही, मनापासून माफी मागतो. आवाजाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण अँप बिघडलेला नव्हता. सोमवारी सकाळी मी स्वतः तो तासभर वाजवून पाहिला. नॉब तुम्ही ठेवले होते तसेच होते.

तुमच्या खोलीत फेंडर डिलक्स रिव्हर्ब होता, 22 वॉटचा. व्हॉल्यूम 7 वर. या अँपला वेगळा गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) नाही, मास्टरही (एकूण आवाजाचा नॉब) नाही. साधारण 4-5 च्या पुढे त्याचा आवाज वाढण्यापेक्षा फाटत जातो, हंबकरची (जोरदार सिग्नल देणाऱ्या दुहेरी पिकअपची) गिटार असेल तर त्याच्याही आधी. ब्लूजवाले मुद्दाम तिथेच ठेवतात आणि गिटारचाच व्हॉल्यूम कमीजास्त करून साफ किंवा फाटका आवाज काढतात. फार सुंदर वाटतं ते ऐकायला. तुम्हाला हव्या होत्या त्या स्वच्छ कॉर्ड्सना व्हॉल्यूम 3, ट्रेबल 5, बेस 3 पुरे. ड्रमपुढे तेवढा आवाज कमी पडतो, म्हणून अँपसमोर माइक लावून तो पीए, म्हणजे खोलीतल्या मोठ्या स्पीकरच्या यंत्रणेमधून, वाढवायचा. माइक आणि स्टँड खोलीतच असतात. हे तुम्हाला आम्ही सांगायला हवं होतं.

आता चिखल. बेस 8 वर होता, शिवाय तुम्हीच लिहिलंय की डिस्टॉर्शन पेडल पूर्ण उघडं होतं. घरी हळू आवाजात खर्ज कानाला कमी लागतो, म्हणून आपण तो वाढवतो. तीच सेटिंग खोलीत मोठ्यानं लावली की खर्ज सगळं गिळतो, आणि आधीच फाटत असलेल्या अँपमध्ये तर सूर वेगळे कळतच नाहीत. मेटलसाठी खरं तर तुम्हाला मधली खोली द्यायला हवी होती. तिथे मार्शल जेसीएम 800 आहे, 100 वॉटचा, मास्टर व्हॉल्यूमवाला. त्यावर गेन 6, बेस 3, मिडल 6, ट्रेबल 6, प्रेझेन्स 4 इथून सुरुवात करा. पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल लावायचा तर ड्राइव्ह जवळजवळ शून्य आणि लेव्हल भरपूर, म्हणजे पाम म्यूट (तळहातानं तारा दाबून काढलेले सूर) घट्ट येतात. आणि कृपा करून मिडल शून्यावर नेऊ नका! एकट्यानं वाजवताना तो आवाज भारदस्त वाटतो, पण ड्रम आणि बेस सुरू झाले की गिटार हरवते. यावर मी कितीतरी बँडशी वाद घातलाय.

घरचा डिजिटल प्रोसेसर (अँप आणि पेडलच्या आवाजांची नक्कल करणारा) बरा, असं तुम्ही म्हणता. एका तासात चार प्रकारची गाणी बसवायची असतील तर मलाही ते पटतं. तो थेट पीएमध्ये लावा, वेगळे पैसे नाहीत.

कालपासून दोन्ही अँपवर सेटिंगचं कार्ड चिकटवलंय, आणि नव्या बँडसोबत पहिली पंधरा मिनिटं मी किंवा आमचा साउंडवाला खोलीत थांबतो. तुमचे तीन तास आमच्याकडे जमा आहेत. बुकिंग नंबर सांगून मधली खोली मागा आणि तीच गिटार, तोच पेडल घेऊन या. अँप मी आधीच तापवून ठेवतो.