शेकडा दोन आणि अकरा टक्के

गेल्या महिन्यात मोठ्या माणसांच्या रविवारच्या वर्गात व्याजाचं गणित चाललं होतं. फळ्यावर 'द.सा.द.शे.' लिहिलं, 'दर साल दर शेकडा' हा त्याचा अर्थ सांगितला आणि सहज विचारलं, बँक ११ टक्क्यांनी कर्ज देते आणि गल्लीतला माणूस शेकडा दोननं देतो, तर तुम्ही कुणाकडून घ्याल? वर्गात तेरा जण होते. बारा जण एका सुरात म्हणाले, "शेकडा दोन! अकरा कुठं अन् दोन कुठं, मॅडम!"

तेराव्या ताई गप्प होत्या. त्या बचत गटाचं रजिस्टर लिहितात. शेकडा दोन हे महिन्याचे असतात आणि अकरा टक्के वर्षाचे, हे त्यांना ठाऊक होतं.

मग २०,००० रुपये धरून आम्ही हिशोब मांडला. मुद्दल तसंच ठेवलं तर शेकडा दोननं महिन्याला ४०० रुपये, वर्षाला ४,८००. अकरा टक्क्यांनी वर्षाला २,२००. भाजी विकणाऱ्या एक मावशी मागे बसल्या होत्या. त्यांनी बरोबर एवढेच पैसे घेतलेले, तीन वर्षं झाली, मुद्दल अजून उभंच आहे. त्यांनी वहीत न लिहिता, बोटांच्या पेरांवर मोजून सांगितलं, "माझे चौदा हजार चारशे गेले." बँकेत ६,६०० गेले असते. वर्गात कुणी काही बोललं नाही. मावशींनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलंच नाही."

या मावशी पावणेदोन किलो वांगी साठ रुपये किलोनं किती झाली हे मी कागद शोधायच्या आत सांगतात. त्यांची शाळा तिसरीत सुटली. पाव, सव्वा, पाऊण, दीड, अडीच हे सगळं त्यांच्या डोक्यात तराजूसारखं बसलेलं आहे. म्हणजे गणित त्यांना येतं. कागदावरचं गणित ज्या भाषेत लिहिलेलं असतं, ती भाषा त्यांना कुणी शिकवली नाही. त्या एका गोष्टीपायी तीन वर्षांत ७,८०० रुपये जास्त गेले.

मी सहकारी बँकेतून निवृत्त झाले. आता नाशिकला सिडकोत एका समाजमंदिरात मोठ्या माणसांचा वर्ग घेते, बुधवारी रात्री आणि रविवारी सकाळी. एकच धडा दोनदा घ्यावा लागतो, कारण अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट बदलते. या आठवड्यात फर्स्ट असलेला माणूस पुढच्या आठवड्यात सेकंडला जातो. रोज सात ते नऊ असा पक्का वर्ग काढला असता तर पंधरा दिवसांत निम्मे गळाले असते, आणि आपण म्हणालो असतो की या लोकांना शिकायचंच नाही.

या चार वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. मोठ्यांचं शिक्षण म्हणताच आपण अंगठा पुसून सही येण्यापाशी थांबतो. खरी अडचण सहीच्या पुढे सुरू होते आणि तिथे कुणी उभं नसतं.

सहीचं मोल मी कमी करत नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साड्यांतल्या त्या आज्या पाटी घेऊन बसलेल्या पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी प्रत्येकी ५० मिळून १५० गुणांची परीक्षा होते. त्या परीक्षेला नातवाचा हात धरून येणाऱ्या आजोबांना मी मनापासून नमस्कार करते. पण मोठ्यांच्या शिक्षणाचं आपल्या मनातलं चित्र तेवढंच उरलं आहे. पाटी धरलेल्या आजीचा फोटो निघतो. पस्तीस वर्षांची बाई रात्री साडेनऊला, भांडी आवरून, सुट्टीचा अर्ज लिहायला शिकते, तिचा कुणी काढत नाही.

आणि आपल्याकडे हे काम काही नवं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सुरू केलेल्या पुण्याच्या सेवासदनात प्रौढ बायका शिकल्या आणि पुढे कामाला लागल्या. साताऱ्यातून १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम निघाली, गावंच्या गावं साक्षर झाल्याचे सोहळे झाले. त्यातल्या कितीतरी जणांची अक्षरं पुढे पुसली गेली, कारण शिकलेलं वापरायला रोजच्या आयुष्यात काही नव्हतं. आज वापरायला ढीगभर आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं १-०-१, पगाराची स्लिप, सातबारा, मोबाइलवर आलेला मेसेज. आपल्या वर्गात मात्र अजून 'कमळ बघ, छगन बघ' सुरू असतं. चाळीस वर्षांच्या माणसाला ते वाचताना लाज वाटते, आणि ती वाटणं बरोबरच आहे.

म्हणून आम्ही टक्केवारी पगाराच्या स्लिपवर शिकवतो. एका दादांनी आपली स्लिप आणली. मूळ पगार १२,०००, एकूण १५,०००. पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे १,४४०. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, कामगाराकडून एकूण पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे ११२ रुपये ५० पैसे, वर नेऊन ११३. 'पाऊण टक्का' म्हटल्यावर सगळ्यांना लगेच कळलं. फळ्यावर ०.७५ लिहिलं होतं तेव्हा कळलं नव्हतं. दशांश अपूर्णांकाचा धडा तिथून सुरू केला आणि अर्ध्या तासात संपला. मग प्रत्येकानं आपापली स्लिप तपासली. दोघांच्या स्लिपवर पीएफचा रकाना रिकामा होता. ते दोघं दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला विचारायला गेले. विचारता येणं हासुद्धा त्या धड्याचाच भाग होता, म्हणून काय बोलायचं ते आम्ही आधी वर्गात बोलून पाहिलं होतं.

याच दादांचं आणखी एक. एकाच मशीनवर अठरा वर्षं. आवाजावरून बेअरिंग गेलंय का ते सांगतात. लाइनचा इनचार्ज करायची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून काल आलेल्या आयटीआयच्या मुलाला घेतलं, कारण शिफ्ट संपल्यावर रिपोर्ट लिहावा लागतो. किती माल निघाला, किती रिजेक्ट झाला, मशीन किती वेळ बंद होतं आणि का. चार ओळींचा मजकूर. आम्ही त्या चार ओळी दोन महिने प्रत्येक वर्गात लिहिल्या, अगदी खाडाखोड करत. आता ते लिहितात. पद अजून मिळालेलं नाही. पण परवा म्हणाले, "आता मला नाही म्हणायला त्यांना दुसरं कारण शोधावं लागेल."

दहावीचं सांगते, कारण तिथे फार माणसं अडकतात. शाळा अर्ध्यात सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बोर्डाची परीक्षा बाहेरून देता येते, हे खूप जणांना माहीत आहे. फॉर्म भरायला बसलं की काय होतं हे बसल्यावरच कळतं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो माहेरच्या गावात, माहेरच्या नावाचा. आधार सासरच्या नावाचं. दाखल्यात आणि आधारात जन्मतारीख वेगळी. एक ताई दाखल्याची दुसरी प्रत मागायला धुळ्याकडच्या आपल्या जुन्या शाळेत गेल्या, एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं घालून. तिथल्या कारकुनानं विचारलं, "आता या वयात कशाला?" त्या परत आल्या त्या वर्गात न येता थेट घरी गेल्या. तीन आठवडे आल्या नाहीत. मी घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "बरोबरच बोलला ना तो."

नाही, बरोबर बोलला नाही. त्या ताई अंगणवाडीत पडेल ते काम करतात. आता मदतनिसाच्या जागेलाही बारावी पास मागतात. 'कशाला' याचं उत्तर त्यांच्याकडे होतं, फक्त त्या खिडकीसमोर उभं राहून ते बोलायचं बळ नव्हतं. पुढच्या वेळी मी सोबत गेले. वीस मिनिटांत प्रत मिळाली.

दुसरी अडचण मला स्वतःला फार उशिरा दिसली. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि नेमका तेव्हाच नाशिकचा द्राक्षाचा हंगाम भरात असतो. आमच्या वर्गातल्या बायका दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जातात, वर्षातली चांगली कमाई त्या दोन-तीन महिन्यांतच होते. पहाटे टेम्पो येतो, रात्री परत. प्रत्येक पेपर म्हणजे एक खाडा, शिवाय अभ्यासाचे वेगळे. पहिल्या वर्षी पाच जणींनी फॉर्म भरले आणि दोघीच परीक्षेला बसल्या. मी चिडले होते. आज मला त्या चिडण्याचं वाईट वाटतं. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेची, परीक्षा वर्षातून दोनदा असते, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा दिवाळीच्या आसपास. आता हंगामाला जाणाऱ्यांना मी तो रस्ता आधी समजावून सांगते. आपल्या राज्य मंडळानंही बाहेरून पहिल्यांदा बसणाऱ्या मोठ्या माणसांसाठी शेतीचं वेळापत्रक बघून परीक्षेची वेळ ठरवावी, असं मला कळकळीनं वाटतं.

आणि कॉलेज. आमच्या शहराला तर याचं भाग्यच लाभलंय. गंगापूर धरणाच्या वाटेवर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभं आहे, ब्रीदच 'ज्ञानगंगा घरोघरी'. रिक्षा चालवत, पोळ्या लाटत बीए झालेली माणसं या विद्यापीठानं घडवली. पण गंगा घरापर्यंत आली तरी ओंजळ कशी धरायची हे कुणीतरी दाखवावं लागतं. आमच्या वर्गातून बारावी होऊन पहिल्या वर्षाला गेलेल्या एक ताई महिन्याभरात पुस्तकं घेऊन परत आल्या. प्रश्नाखाली लिहिलेलं होतं, 'स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहा'. त्यांनी अडीच पानं पुस्तकातून जशीच्या तशी उतरवली होती, सुंदर अक्षरात. म्हणाल्या, "माझे शब्द कशाला? पुस्तकातले चांगले असतात."

हे वाक्य मी कित्येक दिवस विसरू शकले नाही. आयुष्यभर ज्यांना सांगितलं गेलं की तुमचं बोलणं अशुद्ध, तुमची भाषा गावठी, त्यांना आपण एके दिवशी अचानक म्हणतो, तुमच्या शब्दांत लिहा. त्या ताई खानदेशच्या, घरी अहिराणी. आम्ही एक युक्ती केली. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि गावाकडच्या बहिणीला फोनवर सांगतोय असं समजून अहिराणीत सांगायचं. मग तेच पुस्तकी मराठीत लिहायचं. पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीवरचा परिच्छेद होता. त्यांनी तो असा सांगितला की त्यात त्यांच्या गावचा सरपंच आला, पाण्याची टाकी आली, ग्रामसभेला बायकांना न बोलावल्याचा राग आला. लिहिलं ते दीड पान झालं. त्यातलं एकही वाक्य पुस्तकातलं नव्हतं, आणि उत्तर बरोबर होतं.

शिकवायला येऊ इच्छिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की पहिल्या दिवशी पुस्तक आणू नका. समोरच्या माणसाच्या पिशवीत कोणता कागद आहे ते विचारा. कुणाकडे दवाखान्याची फाइल असते, कुणाकडे न समजलेली नोटीस, कुणाकडे मुलाच्या शाळेचा फॉर्म. तो कागद मध्ये ठेवून बसा. आणि 'इतकं सोपं आहे' असं कधीही म्हणू नका. ज्याला येत नाही त्याला ते वाक्य फार लागतं.

१७ नंबरचे फॉर्म दरवर्षी साधारण पावसाळ्यात सुरू होतात. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन काका, दुकानातली ताई यांच्यापैकी कुणाची शाळा सुटलेली असेल तर त्यांना आत्ताच विचारा, तुमचा दाखला कुठल्या गावच्या शाळेत आहे? जमलं तर तो आणायला त्यांच्यासोबत जा.

या रविवारी आमच्याकडे महावितरणचं बिल वाचायचं आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क. प्रत्येकानं आपापलं बिल आणायचं ठरलंय. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, बिल घरमालकाकडे असतं, तो फक्त आकडा सांगतो. या महिन्यात त्या त्याच्याकडून बिल मागून आणणार आहेत.