पारा चाळिशीखाली असला तरी कोल्हापुरात उष्माघात होऊ शकतो

मे महिना जवळ आला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: उष्माघात हा विदर्भाचा आजार आहे, आपल्याकडे पारा चाळिशी क्वचितच ओलांडतो, आपल्याला घाम भरपूर येतो, म्हणजे शरीर आपोआप थंड राहते, आभाळ आले की धोका संपला, आणि पोटभर पाणी पिऊन निघाले की दुपारीही कुठेही काम करता येते. यातला प्रत्येक मुद्दा थोडा खरा आहे आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. तो मानून भर दुपारी कामावर राहणाऱ्या माणसांची मला काळजी वाटते, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिला मुद्दा पाऱ्याचा. एप्रिलमध्ये कोल्हापूरचे सरासरी कमाल तापमान 37 अंशांच्या आसपास असते, हे खरे आहे. पण तापमापक फक्त हवा किती तापली आहे ते सांगतो. त्या हवेत आपले शरीर स्वतःला किती थंड करू शकेल, हे हवेतल्या बाष्पावर ठरते. जाणवणाऱ्या उष्णतेचे जे कोष्टक जगभर वापरले जाते, त्यानुसार 32 अंश तापमान आणि 40 टक्के आर्द्रता असेल तर उकाडा 32 अंशांइतकाच जाणवतो. तापमान तेच ठेवून आर्द्रता 70 टक्के केली की तो 40 अंशांच्या पुढे जातो. उलट, पारा 40 वर असूनही आर्द्रता केवळ 15 टक्के असेल, तर सावलीत तो 38 अंशांसारखा वाटतो. हे सगळे आकडे सावलीतले आहेत. उन्हात उभे राहिल्यास त्यात आणखी काही अंशांची भर पडते. हवामान खातेसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान 40 अंशांची अट ठेवते, पण किनारपट्टीवर 37 अंशांचीच. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतल्या खारघरला झालेल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जण दगावले. त्या दिवशी त्या परिसरात पारा 38 अंशांच्या आसपास होता. एवढे एक उदाहरण ‘चाळीस नाही तर भीती नाही’ हे वाक्य खोडून काढायला पुरेसे आहे.

दुसरा मुद्दा घामाचा, आणि खरी गफलत येथेच आहे. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर तो शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; तोच घाम हनुवटीवरून ठिबकून मातीत पडला तर जवळजवळ काहीच घेऊन जात नाही. आमच्या सोप्यातल्या माठावर हे दरवर्षी दिसते. मार्चच्या कोरड्या दुपारी माठाचे अंग नुसते ओलसर असते आणि पाणी गार लागते. मे महिन्यात वळीव पडून गेल्यावर तोच माठ बाहेरून निथळतो, खालची तिवई भिजते, आणि तांब्यातले पाणी मात्र कोमट निघते. आपल्या शरीराचेही तसेच होते. कोरड्या 40 अंशांत, 15 टक्के आर्द्रतेला, तापमापकाच्या टोकाला घामेजल्या त्वचेसारखे ओले फडके गुंडाळले तर पारा सुमारे 21 अंशांपर्यंत उतरतो. दमट 32 अंशांत, 70 टक्के आर्द्रतेला, तो 27 च्या खाली जात नाही. म्हणजे सदरा पिळून काढण्याइतका घाम आला, तर पाणी आणि मीठ दोन्ही गेले आणि गारवा मिळालाच नाही, असे समजावे. विदर्भातले कोरडे ऊन कमी घातक आहे असे मला म्हणायचे नाही. तेथे घाम क्षणात वाळतो आणि किती पाणी गेले हे कळतही नाही.

तिसरा मुद्दा आभाळाचा. आमच्या गल्लीत एका घराचा स्लॅब ओतला जात होता तेव्हा सकाळपासून आभाळ भरून आले होते आणि झाडाचे पान हलत नव्हते. दुपारी एकच्या सुमारास घमेली पुढे देणाऱ्या रांगेत एका तरुणाचा हात थांबला. त्याला नाव विचारले तर तो भलतेच काही बोलू लागला. ‘‘ऊन कुठलं लागतंय, आभाळ आलंय की!’’ असे मुकादम म्हणत राहिला. त्या पोराचा बनियन घामाने चिंब होता. ढगांमुळे ऊन कमी होते, पण बाष्प कमी होत नाही. आणि कष्टाचे काम करणाऱ्याच्या अंगात उष्णता स्नायूच तयार करतात. वारा पडलेला असेल तर ती बाहेर जायला वाटच उरत नाही.

येथे घाबरवणाऱ्या संदेशांतली एक चूकही सांगायला हवी. पहाटेची 80 टक्के आर्द्रता आणि दुपारचे 37 अंश एकत्र करून भयंकर आकडे काढणे बरोबर नाही, कारण हवा तापली की सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी आपोआप उतरते. आकडे एकाच वेळचे घ्यावेत, किंवा मोबाइलवर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, पाहावा. तो 24 अंशांवर गेला असेल तर जड काम सकाळी लवकर उरकावे.

चौथा मुद्दा पाण्याचा, तो थोडक्यात. पाणी लागतेच, पण घामाबरोबर मीठही जाते. म्हणून तासन्‌तास घाम गाळणाऱ्याने मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत किंवा ओआरएस घ्यावे. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि न वाळणाऱ्या घामाला कितीही पाणी प्यायल्याने उपाय होत नाही. त्याला सावली, वारा आणि विश्रांतीच लागते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी खांद्यावर घेणाऱ्या पोरांनी आळीपाळीने खांदा बदलावा, तो याच कारणासाठी. शरीराला उकाड्याची सवय होते, पण तिला आठवडा-दोन आठवडे लागतात. वर्षभर कार्यालयात बसणाऱ्याला ती केवळ कोल्हापूरकर असल्यामुळे मिळत नाही.

घाम थांबला तरच उष्माघात, असेही त्या संदेशाच्या शेवटी लिहिलेले असते. कष्ट करताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेच असू शकते. खूण आहे ती असंबद्ध बोलण्याची, झोकांड्या जाण्याची, शुद्ध हरपण्याची. अशा माणसाला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून जोराने वारा घालावा, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फ ठेवावा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, आणि 108 ला फोन केल्यानंतरही रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.