ताईचा मेसेज आणि भाच्याचा फोन

गेल्या रविवारी सकाळी माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर करतो न करतो तोच माझी थोरली बहीण साखळीहून डिचोलीला आली. पिशवीतून एक मोबाइल काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "बाबू, एवढा उघडून दे. पॅटर्न लावलाय त्याने." फोन तिचा नव्हता, माझ्या भाच्याचा होता. भाचा वीस वर्षांचा आहे. तो झोपेत असताना तिने उशाजवळून उचलून आणला होता.

का, म्हणून विचारलं तर तिने स्वतःचा मोबाइल पुढे केला. दोन दिवसांपूर्वी आमच्या घरच्या ग्रुपवर तिनेच टाकलेला मेसेज होता तो. मी तो पाहिला होता आणि अंगठ्याने वर सरकवला होता. तेव्हाच बोललो असतो तर ताई बस पकडून आली नसती. म्हणून आता सविस्तर लिहितो. हे लिहिण्याआधी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "लिही मामा, पण माझ्याबद्दल कुणी अंदाज बांधायचे नाहीत." तेवढं पाळा.

मेसेजचं शीर्षक 'पालकांनो, वेळीच जागे व्हा'. मजकूर थोडक्यात असा: आयफोन बनवणाऱ्या अ‍ॅपलचा प्रमुख टिम कुक याने आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं आणि तिथून कंपनी बुडायला लागली. स्टीव्ह जॉब्सने असली थेरं कधी केली नसती. 'प्रायव्हसी'च्या नावाखाली याच कंपनीने अमेरिकेत अतिरेक्याला पाठीशी घातलं. नागरी हक्क वगैरे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्याकडे हा गुन्हाच आहे. आणि शेवटी ठळक अक्षरांत: मुलांचे फोन तपासा, 'तसली' लक्षणं दिसली तर ताबडतोब उपचार सुरू करा. लपवायला काही नसेल तर मूल फोन लॉक का करील?

कंपनी बुडाल्याचं आधी संपवतो, कारण त्यात बोलण्यासारखं फार नाही. कुक यांनी हे एका लेखातून जाहीर केलं, ३० ऑक्टोबर २०१४ रोजी. तेव्हा अ‍ॅपलचं बाजारमूल्य ६०,००० कोटी डॉलरच्या थोडं वर होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये ते १ लाख कोटी डॉलरवर गेलं, २०२० च्या ऑगस्टमध्ये २ लाख कोटींवर, आणि जून २०२३ मध्ये ३ लाख कोटींवर. याला बुडणं म्हणत असतील तर माझं दुकानही असंच बुडो. मनापासून म्हणतो.

एक मात्र कबूल करतो. माल पूर्वीसारखा राहिला नाही अशी तक्रार करणारे सगळेच खोटं बोलत नाहीत. २०१५ पासूनच्या त्यांच्या लॅपटॉपचे कीबोर्ड धुळीच्या कणाने अडकायचे, त्यावर अमेरिकेत खटला झाला आणि कंपनीला पैसे मोजावे लागले. बॅटरीचं प्रकरण तर त्याहून वाईट. बॅटरी जुनी झाली की सॉफ्टवेअर फोनचा वेग कमी करतं, हे त्यांनी ग्राहकाला धड सांगितलंच नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये ते उघड झालं, माफी मागावी लागली, पुढे २०२० मध्ये ५० कोटी डॉलरपर्यंतची भरपाई कबूल करावी लागली. माणसाने पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत त्याला अंधारात ठेवून फेरफार करणं ही फसवणूकच, आणि तिचा जाब कुक यांनाच विचारायला हवा. पण त्या बॅटरीचा आणि कुक कुणावर प्रेम करतात याचा संबंध काय? अठरा वर्षं मी फोन उघडतो आहे. मदरबोर्डवर असा कुठलाही पार्ट मी पाहिलेला नाही.

जॉब्स यांचं म्हणाल तर मेसेज लिहिणाऱ्याने त्यांचं नाव फक्त वापरलं आहे. १९९७ मध्ये ते अ‍ॅपलमध्ये परत आले तेव्हा कंपनीने जी जाहिरात केली तिच्यात महात्मा गांधी होते, मार्टिन लूथर किंग होते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करण्यासाठी मतदान होतं, तेव्हा त्या बंदीच्या विरोधात अ‍ॅपलने जाहीरपणे १ लाख डॉलर दिले. प्रमुख होते स्टीव्ह जॉब्स. कुक यांनी पदभार घेतला तो तीन वर्षांनी.

आता अतिरेक्याची गोष्ट. हिच्यावर थोडं थांबतो, कारण हा धंदा मला कळतो.

२ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे हल्ला झाला, १४ माणसं मारली गेली. हल्लेखोराकडे एक आयफोन ५सी होता, तोही त्याच्या सरकारी खात्याने कामासाठी दिलेला. क्लाउडवरचा जो बॅकअप कंपनीकडे होता तो तिने एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेला दिला. मदत नाकारली असं मुळात झालंच नाही. भांडण पुढच्या गोष्टीवरून झालं. १६ फेब्रुवारी २०१६ ला कोर्टाने सांगितलं की असं सॉफ्टवेअर बनवा की चुकीचा पासकोड कितीही वेळा टाकला तरी फोन पुसला जाणार नाही आणि मध्ये थांबावंही लागणार नाही. म्हणजे लॉक तोडायचं हत्यार बनवा. कुक म्हणाले, नाही. कारण ते एका फोनपुरतं राहणार नाही. २८ मार्चला एफबीआयनेच अर्ज मागे घेतला, फोन दुसऱ्याच वाटेने उघडला म्हणून.

कुक बरोबर होते, हे माझ्या काउंटरवरून सांगतो. लॉक काढायची साधनं एकदा तयार झाली की ती कुठल्या कुठे पोचतात हे आम्ही दुरुस्तीवाले रोज बघतो. आणि ती मागायला अतिरेक्याचा तपास करणारे येत नाहीत. बायकोचा फोन घेऊन नवरा येतो. सुनेचा फोन घेऊन सासू येते. भाडेकरूचा फोन घेऊन घरमालक आलेला मी पाहिला आहे. प्रत्येक जण हेच म्हणतो, फक्त एवढा एकच उघडून दे. परवा ताईही हेच म्हणाली.

याच कुक यांनी २०१८ मध्ये चीनमधल्या ग्राहकांचा क्लाउडवरचा सगळा डेटा तिथल्या ग्वीझौ प्रांतातल्या सरकारशी जोडलेल्या कंपनीकडे जाऊ दिला, हेही नमूद करतो. अमेरिकेत कोर्टासमोर ताठ उभं राहायचं आणि चीनमध्ये मान तुकवायची, हे मला पटत नाही. मेसेजमध्ये हे असतं तर मी मान डोलावली असती. पण लिहिणाऱ्याला प्रायव्हसी कमी मिळाली याची चिंता नाही, ती मिळूच नये असं त्याचं म्हणणं आहे.

'लपवायला काही नसेल तर लॉक कशाला' हे वाक्य गोव्यात तरी कुणी बोलू नये. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावर १६ जानेवारी १९६७ ला इथे जनमत कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा गोवा. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं पडली, बाजूने १,३८,१७०. आमचे आजोबा फुलाचे कट्टर, गावात सभा लावणारे. आजीने दोन पानांवर शिक्का मारला होता. तिने हे सांगितलं ते आजोबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, आणि तेही मागीलदारी बसून, हळू आवाजात. आजी गुन्हेगार होती का? मतपेटीजवळ पडदा होता म्हणून तिला स्वतःचं मत देता आलं. तो पडदा नसता तर आमच्या घरातून दोन्ही मतं आजोबांचीच पडली असती. ताई, तुलाही आजीनेच वाढवलं आहे.

नागरी हक्क म्हणजे पाश्चात्त्यांचं खूळ, हेही तसंच. १८ जूनला दरवर्षी आपण क्रांतिदिन पाळतो तो कशासाठी? १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी आले आणि मडगावला भर पावसात सभेला उभे राहिले, तेव्हा पहिली मागणीच नागरी स्वातंत्र्याची होती. बोलायला परवानगी, जमायला परवानगी, छापायला परवानगी. पोर्तुगीज राजवटीत लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापावी लागायची. आपल्या घरच्या लग्नाचं बोलावणं परक्याने आधी वाचायचं, मग आपल्या माणसांना पाठवायचं! ज्या मातीत याविरुद्ध माणसं तुरुंगात गेली, तिथल्या माणसाने मुलाच्या फोनमधली पत्रं आधी आपण वाचणार म्हणावं?

'आपल्याकडे हा गुन्हाच आहे' हे सरळ सरळ खोटं आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की सज्ञान माणसांमधले संमतीचे संबंध हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर, ज्याखाली हा गुन्हा ठरायचा, ते ३७७ कलमच उरलेलं नाही. विवाहाला मान्यता मात्र मिळालेली नाही, १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती नाकारली. तेवढं खरं.

पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो त्याआधीचा निकाल, २४ ऑगस्ट २०१७ चा. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारच्या निमित्ताने केलेल्या याचिकेतून तो आला. प्रश्न असा की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे का? सरकार कोर्टात उभं राहून नाही म्हणत होतं. नऊ न्यायमूर्ती बसले आणि नऊच्या नऊ हो म्हणाले. आणि त्याच निकालात लिहिलं की माणसाचा लैंगिक कल हा त्याच्या खासगीपणाचा गाभ्यातला भाग आहे. म्हणजे मेसेजवाल्याने ज्या दोन गोष्टींना एकत्र शिव्या घातल्या, फोनचं लॉक आणि माणसाचा कल, त्या आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने एकाच हक्काखाली आणून ठेवल्या आहेत. ताईने काउंटरवर ठेवलेला फोन आणि तिच्या मनातला प्रश्न, दोन्ही त्या निकालात येतात.

उरला 'उपचार'. या एका शब्दासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. बाकीचा मेसेज चुकीच्या माहितीचा आहे, हा शब्द मात्र कुणाच्या तरी मुलाच्या जिवावर उठू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आजार नाही त्याला औषध काय देणार? मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असल्या 'बदलून देण्याच्या' उपचारांवर बंदी आणायला सांगितलं, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे उद्या कुणी मुलाला घेऊन गेलं आणि डॉक्टरने हो, बरा करतो म्हटलं, तर चुकलेला डॉक्टर असेल, मुलगा नव्हे.

आणि जरा त्या मुलाच्या बाजूने मेसेज वाचा. आमच्या ग्रुपवर त्रेचाळीस माणसं आहेत, त्यातली अकरा पंचविशीच्या आतली. त्यातलं कुणी तसं आहे का, मला माहीत नाही आणि विचारायचा मला अधिकार नाही. पण एखादं असेल, तर त्या रात्री त्याने काय पाहिलं? आपल्या मावशीने तो मेसेज टाकला, खाली काकाने हात जोडले, आत्याने अंगठा दाखवला. मीही गप्प बसलो. त्याच्या हिशेबात माझी गणती त्यांच्यातच झाली.

कुक यांनी त्या लेखात लिहिलं आहे की स्वतःचा खासगीपणा त्यांना फार जपावासा वाटतो. तरी तो त्यांनी सोडला, कारण आपलं नाव वाचून कुठेतरी एकट्या पडलेल्या माणसाला धीर आला तर तेवढी किंमत मोजायला हरकत नाही असं त्यांना वाटलं. तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. सांगायचं कधी, कुणाला आणि कशासाठी, हे त्यांनी स्वतः ठरवलं. आईने झोपेत फोन उचलून नेल्यामुळे नव्हे.

शाळकरी मुलांवर आईबापांनी लक्ष ठेवूच नये असं मी म्हणत नाही. फसवणारे, फोटो मागून धमकावणारे खरंच असतात, त्यांनी गाठलेली मुलं माझ्या दुकानात येऊन रडली आहेत. पण ती मुलं माझ्याकडे आली, घरी बोलली नाहीत, ती या असल्या तपासणीच्या भीतीनेच. आणि वीस वर्षांचा माणूस शाळकरी नव्हे, तो मतदार आहे.

ताईला हे सगळं मी इतकं नीट सांगितलं नाही. सकाळची वेळ, गिऱ्हाईक यायला लागलं होतं. मी फक्त म्हटलं, "ताई, हा मी उघडणार नाही, आणि बाजारात दुसऱ्या कुणाकडे नेलास तर मला वाईट वाटेल." ती चिडली. "तू मामा आहेस की त्याचा वकील?" म्हणाली. चहासुद्धा घेतला नाही. पण फोन पिशवीत टाकला नाही, काउंटरवरच ठेवून गेली.

दुपारी दुकान बंद करून मी साखळीला गेलो आणि फोन भाच्याच्या हातात दिला. पॅटर्न होता तसाच होता. चार्जिंगचा जॅक सैल झाला होता, तेवढा बदलला. मेसेज अजून ग्रुपवर आहे. ताई, हे मी त्याच्याच खाली टाकतो आहे. तो तू काढ.