‘डिग्रीवाल्या सिस्टर हात लावत नाहीत’ या आरोपाविषयी

‘नर्सला विद्यापीठाची पदवी कशाला? डिग्रीवाल्या सिस्टर रुग्णाला हात लावत नाहीत, सेवाभाव पुस्तकातून येत नाही, आणि हे खूळ नवीन असून केवळ पगारासाठी आहे,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. मी जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून बारा वर्षे वॉर्डात काढली आणि मग पोस्ट बेसिक बीएस्सी (पदविकेनंतर करायची नर्सिंगची पदवी) केले, म्हणून हे उत्तर.

स्पंजिंग (ओल्या कपड्याने अंग पुसणे), तोंडाची स्वच्छता, बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे हे बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी शिकवले जाते. ही कामे राहतात ती चाळीस रुग्णांमागे रात्रपाळीला एकच सिस्टर असते म्हणून, आणि तिथे जीएनएमचीही तीच गत होते.

सेवाभावाचे म्हणणे मला अर्धे मान्य आहे. पोटॅशियम क्लोराइड शिरेतून थेट द्यायचे नाही, सलाईनमध्ये मिसळून सावकाश सोडायचे, हा नियम मला जीएनएमपासून पाठ होता. पण रक्तातले पोटॅशियम वाढले की हृदयाच्या ठोक्यांचे काय होते, हे (माझ्यापुरते तरी) पोस्ट बेसिकलाच नीट उमगले. लघवी कमी झाली की पोटॅशियम शरीरात साठत जाते. त्यानंतर, युरोबॅगेत (लघवी जमा होणाऱ्या पिशवीत) सकाळपासून जेमतेम लघवी जमलेल्या एका आजोबांना तेच सलाईन लावण्यापूर्वी मी डॉक्टरांना फोन करून ऑर्डर पुन्हा विचारली. पूर्वी मी ते मुकाट्याने लावले असते.

युरोपातील 9 देशांमधल्या 300 रुग्णालयांचा अभ्यास 2014 साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी अधिक असेल, तिथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी कमी आढळली. उलट परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ही शक्यता साधारण तेवढीच वाढलेली दिसली. तिकडची रुग्णालये वेगळी आणि हा केवळ संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही, हे खरे. तरी पदवीने रुग्णसेवा बिघडते असे म्हणणाऱ्यांना त्यात आधार सापडत नाही.

खूळ नवीन म्हणावे, तर दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगची पदवी 1946 मध्येच सुरू झाली.

राहिला पगार. पोस्ट बेसिकच्या दोन वर्षांसाठी मला नोकरी सोडावी लागली, आणि परतले ती त्याच स्टाफ नर्सच्या पदावर, त्याच पगारावर.