बिनलोखंडी आंघोळ

घराचं काम काढलं की निवडानिवडीला अंत राहत नाही. फरशी निवडा, नळ निवडा, कमोडचं झाकण हळूच मिटणारं हवं की धाडकन आपटणारं, तेही निवडा. पण या वस्तू निदान डोळ्यांना दिसतात. शॉवरभोवती लावायच्या बिनफ्रेमच्या काचेचं तसं नाही. ती जितकी कमी दिसेल तितकी भारी. म्हणजे दुकानात जायचं, जिथे काहीच नाही असा भास होईल तिथे बोट दाखवायचं, आणि ज्या तुकड्याकडे बघून हा भास सगळ्यात जास्त होईल त्याचे सगळ्यात जास्त पैसे मोजायचे.

मुळात काच हवी कशाला, हा आईचा प्रश्न. ती वाढली त्या घरात मोरी होती. मोरीत बंब, घंगाळ, अंग घासायचा दगड आणि कोपऱ्यात निथळणारी भांडी. सगळीच जागा ओली, त्यामुळे कुणाची तक्रार नाही. एकाच बाथरूमचे ‘वेट एरिया’ आणि ‘ड्राय एरिया’ असे भाग करायचे हे तिला भाऊबंदकीतल्या वाटणीसारखं वाटलं. “न्हाणीघर ओलं नाही होणार तर काय देवघर होणार?”

बायकोची बाजू भक्कम होती. आमच्याकडे प्लास्टिकचा पडदा होता. गरम पाणी सुरू केलं की तो आपोआप आत फुगायचा आणि ओल्या पोटऱ्यांना येऊन चिकटायचा. शिवाय खालून पाणी निसटायचं ते थेट वॉशिंग मशीनच्या पायांशी. तेव्हा पडदा जाणार हे नक्की होतं. त्याच्या जागी काय येणार, एवढंच ठरायचं होतं.

भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या आसपास प्लायवूड, सनमायका, काच अशा दुकानांच्या गल्ल्या आहेत. त्यातल्या एका दुकानात शेठ गल्ल्यावरून न उठता म्हणाले, “प्लेन दाखवू की एक्स्ट्रा क्लिअर?”

“काच म्हटली की क्लिअर आलीच ना?”

शेठनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि दोन नमुने काउंटरवर ठेवले. समोरून दोन्ही सारखेच. मग त्यांनी खालून एक पांढरा कागद सरकवला आणि दोन्ही तुकडे आडवे धरून कडा आमच्याकडे वळवल्या. एकाची कड गडद हिरवी. दुसरीची जवळजवळ पांढरी, कुठेशी निळसर झाक. भाव मात्र जवळजवळ दुप्पट.

ती कड त्या माणसाने दाखवायला नको होती. वयाची इतकी वर्षं मी काचेच्या सहवासात सुखाने काढली होती. आता मला जिकडे तिकडे हिरवं दिसू लागलं. घरचा टीपॉय हिरवा, बँकेच्या काउंटरची काच हिरवी. मिठाईच्या दुकानात काचेआडची पांढरी बर्फी बघून मी “ताजी आहे ना?” असं दोनदा विचारलं. दुकानदार दुखावला. काच बदला, असं त्याला सांगण्याचं धैर्य झालं नाही.

कारण साधं आहे. काच म्हणजे मुळात वाळू. सत्तर टक्क्यांच्या वर सिलिका, बाकी सोडा, चुनखडी वगैरे. आणि वाळूसोबत थोडं लोखंड आलंच. साध्या काचेत लोखंडाचं ऑक्साइड साधारण ०.१ टक्का असतं. एवढंसं लोखंड प्रकाशातला तांबडेपणा खातं आणि हिरवट रंग शिल्लक ठेवतं. समोरून बघताना नजर ८ मिलिमीटर काच पार करते, म्हणून काही जाणवत नाही. कडेने बघताना मात्र तिला अख्ख्या तुकड्याच्या लांबीतून यावं लागतं, तेव्हा सगळं लोखंड एकदम हजेरी लावतं. एक्स्ट्रा क्लिअरमध्ये हेच प्रमाण साधारण दहाव्या हिश्शावर आणलेलं असतं, आणि त्यासाठी मुळात वाळूच निवडून घ्यावी लागते. आपल्याकडे कणकवली तालुक्यात कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. आजूबाजूला सगळा जांभा, म्हणजे लोखंडाने लाल झालेला दगड, आणि त्याच मुलखात ही पांढरी वाळू. निसर्गाची निवडसुद्धा सोपी नसावी.

हे सगळं घरी सांगितल्यावर आईने एकच मुद्दा काढला. सूनबाईंचं हिमोग्लोबिन कमी आलंय म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्यात. गूळ-शेंगदाणे झाले, लोखंडी कढईत पालेभाजी झाली. “घरात लोखंड यावं म्हणून आपण इतकं करतोय, आणि तुम्ही ते काढून घ्यायचे पैसे देताय?”

यावर वैज्ञानिक उत्तर आहे, पण ते आईला देता येत नाही.

मग वरच्या मजल्यावरचे काका आले. ते निवृत्त इंजिनियर. सोसायटीत कुणीही काहीही विकत घेत असेल तर त्यांना ते कळतं, कसं ते कळत नाही. त्यांनी नमुन्याचे तुकडे खिडकीशी नेऊन पाहिले आणि हिशेब मांडला. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. पृष्ठभाग दोन, म्हणजे ८ टक्के गेले. तेव्हा काच कितीही शुद्ध असो, ९२ टक्क्यांच्या पुढे उजेड जात नाही. साधी ८ एमएमची काच ८८-८९ पर्यंत पोचतेच. “म्हणजे तुम्ही दुप्पट पैसे मोजताय ते दोन-तीन टक्के उजेडासाठी. बाथरूमची खिडकी धुवा, याहून जास्त येईल.”

खिडकीकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं आणि सगळ्यांनी एकदम नजर फिरवली.

“काका, प्रश्न उजेडाचा नाही, रंगाचा आहे,” बायको म्हणाली. आणि यात तिचंच खरं होतं, हे मी तिच्या गैरहजेरीतही मान्य करीन. आमच्या टाइल्स पांढऱ्याशुभ्र होत्या, त्यांचे पैसे आधीच गेले होते. पांढऱ्यासमोर साधी काच धरली की मागची भिंत नुकतीच तापातून उठल्यासारखी दिसते, आणि काच जितकी जाड तितका ताप जास्त. टाइल्स क्रीम, करड्या किंवा हिरव्या असतील तर साधी काच बिनदिक्कत घ्यावी, कुणाच्या बापाला फरक कळणार नाही. पांढऱ्याला मात्र कळतो.

काकांनी विषय सोडला नाही, फक्त मागे नेला. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे काचकारागीर पंधराव्या शतकातच या हिरवेपणाशी झगडत होते. मँगनीज घातलं की हिरवा रंग मारला जातो, म्हणून त्या मँगनीजला काचवाले ‘काचेचा साबण’ म्हणत. पण तसली जुनी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी पडते. तिथून काका मराठी मुलखात आले. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना आला, ओगलेवाडी वसली आणि प्रभाकर कंदील घरोघर पोचला.

कंदिलाचं नाव निघाल्यावर आईला कंठ फुटला. दिवेलागणीच्या आधी काच काढून तिच्यात हात घालून राखेने पुसायची, मग फडक्याने, आणि काजळी राहिली तर आजीचा धपाटा. हात लहान म्हणून हे काम पोरांकडेच असायचं. “रोज पुसायची. एक दिवस चुकवून चालायचं नाही,” असं म्हणून तिने बाथरूमच्या दिशेने असं काही पाहिलं की पुढचं भविष्य मला तेव्हाच कळायला हवं होतं. ती जाता जाता म्हणाली, “आणि एवढं आरपार कशाला? दुधी काच लावा की.”

मला ही तडजोड पटली होती. शेठना फोन लावला. ते म्हणाले, “दुधी मिळेल ना. पण पांढरी टाइल असेल तर ती पण एक्स्ट्रा क्लिअरमध्येच घ्या, नाहीतर दुधी पण हिरवट दिसते.” म्हणजे आधी काच जास्तीत जास्त आरपार करायची, आणि मग ती आरपार दिसू नये म्हणून घासायची. सगळ्यात वाईट म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे.

आरपारच ठरली. पुढचा घोळ जाडीचा. काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. साडेसहा फूट बाय अडीच फुटांचा पल्ला ८ एमएममध्ये ३० किलोंचा, १० एमएममध्ये ३८ किलोंच्या जवळ. बिजागऱ्यांच्या जिवाचा विचार करून आम्ही ८ वर थांबलो. दहाच्या पल्ल्याला हात लावला की तिजोरी उघडल्याचं समाधान मिळतं हे खरं, पण आंघोळीला जाताना ते समाधान कुणाला हवंय?

मग मापं. ही काच टफन करतात, म्हणजे ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. बाहेरचा थर दाबाखाली राहतो, आतला ताणाखाली, त्यामुळे ती मजबूत होते आणि फुटली तरी सुऱ्या न होता बोथट खडे पडतात. पण एकदा टफन झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासता येत नाही. जे काय करायचं ते आधी. आणि आमच्या घरात ‘आधी’ मापाविषयी एकमत नव्हतं. मिस्त्री सुतात बोलायचा, शेठ एमएममध्ये, बिल्डरचा नकाशा फुटांत. शेवटी मिस्त्रीने ओळंबा सोडला आणि कळलं की भिंत वरपासून खालपर्यंत दोन सूत बाहेर आलेली आहे. इतकी वर्षं आम्ही त्या भिंतीवर विश्वासाने कॅलेंडर टांगत होतो. काच भिंतीप्रमाणे तिरकी कापायची की भिंत काचेप्रमाणे सरळ करायची, यावर चर्चा झाली. भिंतीला सिलिकॉनची जाड रेघ मिळाली आणि प्रकरण मिटलं.

ऑर्डर लिहिताना शेठ सहज म्हणाले, “कधी कधी टफन आपोआप फुटते, घाबरू नका.” आत निकेल सल्फाइडचा बारीकसा कण अडकून राहिला तर तो पुढे कधीतरी फुगतो आणि अख्खा पल्ला एका क्षणात खाली येतो. फार क्वचित होतं. काच कारखान्यातच ३०० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवून असले कच्चे पल्ले आधीच फोडून घेता येतात, त्याचे पैसे वेगळे. बायकोने एकदा शेठकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि “लावा,” म्हणाली. आमच्या घरात एवढ्या वेगाने दुसरा कुठला खर्च मंजूर झालेला नाही.

काच लिफ्टमध्ये मावली नाही, हे सांगायलाही नको. जिन्याने चढवली. बसवल्यावर आम्ही सगळे बाथरूमच्या दारात उभे राहून तिथे काहीच नसल्याचं कौतुक करत होतो. तेवढ्यात माझे मेहुणे हात धुवायला आत गेले आणि कपाळाने काचेला भिडले. काचेला काही झालं नाही. मेहुण्यांना बर्फ लावला. त्याच संध्याकाळी भाच्याच्या डायनासोरचे स्टिकर नजरेच्या उंचीवर रांगेने चिकटले. आता काच कुठे आहे ते पाहुण्यांना बरोबर कळतं.

पाण्याची गोष्ट वेगळीच. खडकवासल्याचं पाणी मऊ, पण उन्हाळा लागला की आमच्याकडे बोअर आणि टँकर. त्या पाण्यातला चुना काचेवर थेंबाथेंबाने वाळतो, साबणाशी संगनमत करतो आणि पांढरी साय धरतो. व्हिनेगर, लिंबू, मग ‘शेवटी आंघोळ करणाऱ्याने वायपर मारावा’ असा ठराव. शेवटी कोण हे ठरवायला लागू नये म्हणून सगळेच आता पहिल्यांदा आंघोळीला पळतात. आई या भानगडीत नाही. ती तिचा पाट आणि बादली घेऊन ड्राय एरियात बसते, आणि काचेवर एक थेंब उडालेला नसतो म्हणून सुनेकडून शाबासकीही घेते.

परवा लक्षात आलं की जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती कड दिसतच नाही. एक बाजू सिलिकॉनमध्ये, खालच्या बाजूला रबरी पट्टी, आणि दाराच्या मोकळ्या कडेवर पाणी अडवायला प्लास्टिकची पारदर्शक पट्टी चढवलेली. ती पट्टी आता पिवळी पडली आहे. काच निर्मळ, आणि तिच्याभोवती हळदीची चौकट. पट्टी बदलून मिळते असं समजलं म्हणून पुन्हा त्या दुकानात गेलो. शेठ गल्ल्यावरच होते. त्यांनी मला ओळखलं, हसले आणि खणातून दोन पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या.

“साधी देऊ की एक्स्ट्रा क्लिअर?”

मी म्हटलं, “आधी पांढरा कागद द्या.”