"वास येतोय का? मग?"

परवा सकाळी कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीच्या गेटसमोर केबलसाठी जेसीबी लागला होता. मी दूध घेऊन परतत होते. बकेट वर आली, तर दातांत पिवळी प्लास्टिकची पट्टी अडकलेली. खाली गॅसलाइन आहे हे कळावं म्हणून पाइपच्या वर पुरतात, तीच. ऑपरेटरने ती हाताने ओढून काढली, बाजूला भिरकावली आणि बकेट पुन्हा खाली सोडली. मी ओरडले तेव्हा मुकादम आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, नुसतं खरचटलंय. वास येतोय का? मग?"

त्या "मग?"चा राग अजून गेलेला नाही.

बेल्जियममध्ये गिलेंगियाँला उद्योग वसाहतीखालून जाणाऱ्या मोठ्या वाहिनीला बांधकामाच्या यंत्राने असंच खरवडलं होतं. तेव्हा काहीच झालं नाही. पुढे वाहिनीतला दाब वाढवला आणि 30 जुलै 2004 ला पाइप तिथेच फाटला. 24 माणसं गेली. गळतीची खबर मिळाल्यावर मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही त्यांत होते. आपल्या गल्लीतल्या पाइपात तेवढा दाब नसतो, हे मान्य. पण ओरखड्याला वास नसतो, हे दोन्हीकडे खरं.

वासाचंही ऐका. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतोच, आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. आंध्रातल्या नगरम गावात 27 जून 2014 ला पहाटे वाहिनी फुटली, तिच्यातल्या गॅसमध्ये तो मिसळलेलाच नव्हता. वीसहून जास्त जीव गेले. तिथे दोष खोदणाऱ्यांचा नव्हता, पाइप आतून गंजला होता. म्हणजे कंपन्यांनाही सूट नाही.

पनवेलजवळ माझ्या मामाच्या शेताखालून लांब पल्ल्याची लाइन जाते. 1962 च्या पाइपलाइन कायद्याने जमीन त्याचीच राहिली, सरकारने घेतला तो फक्त वापराचा हक्क. त्या पट्ट्यात भात लावता येतो. घर, विहीर, झाड नाही. मामाने तिथे आंब्याचं एक रोपसुद्धा लावलेलं नाही. लाइन बघत चालत येणाऱ्या माणसाला मामी पाणी देते, आणि बांधाजवळ कोणी कुदळ मारली तरी मामा त्या लाइनवाल्याला फोन करतो. शेतकरी एवढं पाळतो, आणि शहरात रस्ता खोदायचा परवाना घेतलेल्या ठेकेदाराला खाली काय आहे हे विचारावंसं वाटत नाही?

आम्ही गॅसच्या इमर्जन्सी नंबरवर फोन केला. माणसं आली, मीटर फिरवला, गळती नव्हती. तरीही दोन तास पुरवठा बंद ठेवून त्यांनी तेवढा पाइप कापून बदलला. मुकादम बाजूला उभा राहून बघत होता.

खड्डा अजून उघडाच आहे. सोमवारी काम पुन्हा सुरू होईल. गॅसवाल्यांचा माणूस समोर उभा राहिल्याशिवाय बकेट खाली जाऊ द्यायची नाही, असं सोसायटीतल्या आम्ही सहा जणींनी ठरवलंय. सकाळी आठला गेटवर आहोत.